रुईच्या वाटेने

परदेशवारी करून परतलेल्या माणसाला यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी साधारणतः दोन प्रकारचे श्रोते भेटतात. पहिल्याला तिकडचे सर्व काही शिस्तीचे, स्वच्छ व वक्तशीर आणि आपल्याकडचे सर्व काही गलथान, अशी ग्वाही हवी असते. दुसऱ्याला तिकडे माणुसकी औषधालाही नाही, म्हातारी माणसे एकटी झुरतात, अन्नाला चव नाही आणि अखेरीस आपले ते आपलेच, असा निर्वाळा हवा असतो. निकाल दोघांचाही आधीच लागलेला असतो. साक्षीपुराव्याचा उपचार तेवढा परतून आलेल्या इसमाने उरकावा, एवढीच अपेक्षा. माझी सारी हयात नाझराच्या कचेरीत जप्तीचा माल, समन्स, वॉरंटे आणि अनामत रकमा यांच्या नोंदी ठेवण्यात गेल्यामुळे असल्या एकतर्फी हुकूमनाम्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. तुलना करावयाची तर दोन्ही पक्षांचे दप्तर समोर असावे, आणि त्या दोन पक्षांची पूर्वी कधी गाठ पडली होती काय, त्यांच्यात काही देणेघेणे झाले होते काय, याचीही चौकशी व्हावी. यवतमाळ आणि इंग्लंड यांच्यापुरती ती चौकशी केली म्हणजे जे देणेघेणे निघते ते कापसाचे आहे, आणि ते प्रवासवर्णनांत सहसा येत नाही.

माझी कन्या व जावई गेली काही वर्षे नोकरीनिमित्त मँचेस्टर शहरी राहतात. मी निवृत्त झाल्यावर त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे जाऊन राहिलो. व्हिसाचे कागद, विमानातून दिसणारे ढग, सरकते जिने आणि शाकाहारी माणसाची परमुलखातील उपासमार या विषयांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे, आणि १९६० साली पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ प्रसिद्ध झाल्यापासून त्यांतील विनोदही इतका पुरेपूर वसूल झाला आहे, की त्यांत माझ्यासारख्याने भर घालण्याचे काही प्रयोजन उरलेले नाही. कन्येच्या घरी दिवस सुखाचे गेले, आणि लांबही वाटले. दोघेही सकाळी कामावर जात. नातू शाळेत जाई. मग ही वर्तमानपत्रातील चित्रे पाहत बसे आणि मी, कचरा कोणत्या रंगाच्या पेटीत टाकावयाचा याचे जावईबापूंनी फ्रिजवर चिकटवलेले परिपत्रक पुनःपुन्हा वाचून काढी. अशा रिकाम्या दुपारीच शहर पायी हिंडण्याची मला सवय लागली.

त्या शहराच्या मध्यभागी ‘रॉयल एक्स्चेंज’ नावाची एक अवाढव्य इमारत आहे. पूर्वी तो कापसाचा आणि कापडाचा बाजार होता. बाजार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलगाड्यांच्या, आता ट्रॅक्टरांच्या, रांगा, वजनकाटा, हमाल आणि अडत्यांच्या गाद्या येतात. तिथे यातले काही नव्हते. तीन उत्तुंग घुमटांखालच्या त्या एकाच प्रचंड दालनात हजारो व्यापारी नुसते उभे राहत आणि बोलण्याबोलण्यात गाठींचे सौदे करीत. माल त्या वेळी समुद्रावर असे, कित्येकदा तर झाडावरच असे. व्यवहार १९६८ साली बंद पडला. पुढे त्याच दालनाच्या मधोमध, जुन्या खांबांच्या आधाराने पोलाद आणि काच यांचे एक नाट्यगृह टांगण्यात आले, आणि १९७६ पासून तिथे नाटके होतात. घुमटाच्या कडेने, वजनात आणि मापात कपट करू नये, अशा अर्थाचे वचन मोठ्या अक्षरांत कोरलेले आहे. ते वाचून मला थोडे हसू आले, कारण त्या दालनात वजन वा माप कधी झालेच नाही; ते ज्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचे ते लोक तिथून काही हजार मैलांवर असत.

परंतु मी तिथे बराच वेळ रेंगाळलो तो या वचनासाठी नव्हे. भिंतीवर फार उंचावर भावांचा फलक अजून आहे, आणि बाजार उठला त्या अखेरच्या दिवसाचे आकडे त्यावर तसेच ठेवलेले आहेत. नाटकाला आलेली मंडळी हातात कॉफीचे पेले घेऊन त्याखाली गप्पा मारीत होती. वर कोणी पाहत नव्हते. मला मात्र मान वर करून ते आकडे वाचण्याचा मोह आवरेना. आमच्या लहानपणी वडील दारव्ह्याच्या बाजारातून कापूस विकून परतले की घरात शिरण्याआधी ओट्यावरूनच भाव सांगत आणि त्या एका आकड्यावर वर्षाची कापडे, लग्ने आणि सोसायटीचे हप्ते ठरत. तो आकडा कोण ठरवतो हे वडिलांना माहीत नव्हते. अडत्या म्हणे मुंबई ठरवते, मुंबईवाला कोणाचे नाव घेत असेल ते मला त्या फलकाखाली उभे असताना प्रथम नीट उमगले.

याची सुरुवात कुठून झाली हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोपवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि ज्या अमेरिकन कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत तो येईनासा झाला. गिरण्या बंद, कामगार उपाशी, अशी चार वर्षे तिकडे गेली. त्या टंचाईत हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा उन्माद उसळला आणि वऱ्हाडातील काळ्या मातीवरची ज्वारी हटून कपाशी पसरू लागली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. कपाशी मात्र जिथे पोहोचली होती तिथेच राहिली. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत. जवळचे रेल्वेस्थानक धामणगाव. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि मग गाड्यांची रीघ धामणगावच्या दिशेने लागली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी रेल्वे टाकली, तीच आपली शकुंतला. तिला सत्तर वर्षांहून अधिक काळ ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झाले होते आणि १९९४ च्या एप्रिलात ते थकून बाजूला झाले, तेव्हा त्याच्या जन्मगावचा कापूसबाजार बंद होऊन पाव शतक उलटले होते. १९५१ साली देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले त्यातून ही रेल्वे कशी कोण जाणे निसटली, आणि सरकारी गाडी खासगी कंपनीच्या रुळांवरून भाडे भरून धावत राहिली. आता ती गाडीही बंद आहे आणि रुळांवर बाभळी माजल्या आहेत.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ‘आपला कापूस मँचेस्टरला जायचा’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. जायचा, पण त्यांना तो आवडत नव्हता. आपल्या देशी कापसाचा तंतू आखूड. त्यात पाने, माती आणि पुष्कळदा मुद्दाम मिसळलेली सरकी. आणि तिकडची यंत्रे लांब तंतूच्या अमेरिकन रुईसाठी बांधलेली. टंचाईच्या दिवसांत एका प्रार्थनासभेत कोणी ‘देवा, कापूस पाठव’ म्हटले, तेव्हा मागून एक कामगार ‘पण हिंदुस्थानचा नको’ म्हणून ओरडला, अशी आख्यायिका तिकडे अजून सांगतात. त्यामुळे अमेरिकेचा माल पुन्हा सुरू होताच लँकेशायरने वऱ्हाडी रुईकडे बव्हंशी पाठ फिरवली, आणि शकुंतला धावू लागेपर्यंत इकडच्या गाठींतील मोठा हिस्सा मुंबईच्या गिरण्यांकडे, युरोपातील अन्य देशांकडे आणि विशेषतः जपानकडे जाऊ लागला होता. मँचेस्टरशी आपले नाते प्रेमाचे कधीच नव्हते. अडचणीच्या वेळी हाक मारावी आणि अडचण सरताच ओळख विसरावी, अशा नातलगाचे होते.

शहराबाहेर स्टायल या गावी ‘क्वारी बँक’ नावाची एक जुनी गिरणी आहे. १७८४ साली सॅम्युअल ग्रेग याने ती ओढ्यासारख्या दिसणाऱ्या एका नदीकाठी, पाणचक्कीवर चालेल अशी बांधली. आता ते संग्रहालय आहे. शेजारीच एक घर आहे, त्यात अनाथालयांतून आणलेली मुले ठेवीत आणि अन्नवस्त्राच्या बोलीवर त्यांच्याकडून काम करून घेत. आपण ज्यांना सालदार म्हणतो त्यांचाच हा बालवयातील प्रकार, असे मी हिला सांगितले. ती काही बोलली नाही, परंतु त्या मुलांचे लाकडी पलंग पाहून बाहेर आल्यावर तिने नातवासाठी घेतलेली मिठाई बराच वेळ उघडली नाही.

गिरणीत एक वृद्ध स्वयंसेवक जुने माग चालवून दाखवतो. त्याने माग सुरू केला मात्र, आणि मला समोरच्या माणसाचे शब्द ऐकू येईनासे झाले. मागावरच्या बायका याच गोंगाटात आयुष्य काढीत, त्यांना लवकर बहिरेपणा येई, आणि म्हणून ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची एक विद्याच त्यांनी साधली होती, असे त्याने माग थांबवल्यावर सांगितले. हवेत तंतू तरंगत होते. तो वास मला ओळखीचा होता. दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या वा वणीच्या रस्त्याने जाताना जिनिंगच्या आवारातून जो येतो तोच, थोडा तेलकट, थोडा धुळीचा. मी कापसाच्या जिल्ह्यातून आलो आहे असे कळताच त्या गृहस्थाने टोपलीतून चिमूटभर रुई उचलली, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जनींत धरून ती हलकेच ओढली, तुटलेले टोक पुन्हा उरलेल्या चिमटीवर ठेवून पुन्हा ओढली, आणि दोन बोटांत शिल्लक राहिलेली तंतूंची सरळ जुडी आपल्या काळ्या बाहीवर ठेवून मला दाखवली. सरकारी खरेदी केंद्रावर ग्रेडर याच हालचाली करतो. फरक एवढाच, की आमच्याकडे त्या बाहीकडे गाडीवाला श्वास रोखून पाहत असतो, कारण त्या लांबीवर प्रत ठरते आणि प्रतीवर भाव.

मग त्याने जिल्ह्याचे नाव पुन्हा विचारून घेतले आणि संकोचत म्हणाला, की हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचले आहे, शेतकऱ्यांच्या मृत्यूंच्या संदर्भात. आपल्या गावाची ओळख परमुलखात कशाने होते हे ऐकणे सुखाचे नव्हते. परंतु त्याची माहिती खोटी नव्हती. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत जे शिरले ते तिथेच राहिले. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले शेतकरी व मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले, आणि त्या प्रकरणाचे कागद पुढे, कीटकनाशकाची कंपनी तिकडची म्हणून, स्वित्झर्लंडमधील बाझल येथील न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचले. पाठीवर पंप घेऊन छातीपर्यंत वाढलेल्या कपाशीत उघड्या अंगाने शिरणाऱ्या मजुराला परदेश पाहण्याचा योग कधी येत नाही. परदेश त्याच्या पंपात असतो. हे मी त्या गृहस्थाला बोललो नाही. माझे इंग्रजी कचेरीतले, आणि असल्या विषयाला ते तोकडे पडते.

परदेश म्हणजे मुलांचे पगार आणि आजीआजोबांची सहल, अशी आज आपली समजूत झाली आहे. आपल्या आधीच्या वऱ्हाडी माणसांची तशी नव्हती. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे त्या काळचे नामांकित वकील. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर चालती वकिली टाकून ते लंडनला गेले आणि प्रिव्ही कौन्सिलपुढील अपिलासाठी १९१० पर्यंत तिथे राहिले. अपील फेटाळले गेले. ते नित्यनेमाने रोजनिशी लिहीत. वकिली बुडाली, पैसा गेला, पदरात काही पडले नाही. तरी दादासाहेबांच्या या प्रवासाला फुकट गेलेला प्रवास म्हणण्याचे धाडस वऱ्हाडात कोणी केले नाही.

आणि आमचे लोकनायक बापूजी अणे. वणीला १८८० साली जन्म, यवतमाळला वकिली, आणि १९३० च्या १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो हा पुरुष. समुद्र नसलेल्या या मुलखात मिठाचा कायदा मोडणार कसा, हा प्रश्न त्यांनी विळ्याने सोडवला. पुढे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांना स्थान मिळाले, आणि त्यांच्याकडे खाते कोणते यावे? तर परदेशस्थ हिंदी लोकांचे. आफ्रिकेत, मलायात, सिलोनात, फिजीत जी हिंदी माणसे मजुरीसाठी गेली वा नेली गेली, त्यांच्या गाऱ्हाण्यांची दप्तरे एका यवतमाळच्या वकिलाच्या मेजावर आली. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारने ताठरपणा सोडला नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत राहिले. तिकडच्या चहामळ्यांवरील तमिळ मजुरांचा नागरिकत्वाचा प्रश्न त्या काळी धुमसत होता. पुढे बिहारचे राज्यपालपद झाले, आणि उतारवयात या गृहस्थांनी लोकमान्यांवर संस्कृतात महाकाव्य रचले, ज्याला त्यांच्या पश्चात १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परदेशाविषयी त्यांनी कुठे चमत्कारिक गोष्टी सांगितल्याचे ऐकिवात नाही. परमुलखात आपला माणूस कोणत्या अटीवर राबतो, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि त्यात नवलाईला फारसा वाव नसतो.

पुसदकडच्या गहुली गावचे वसंतराव नाईक, अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री, १९७९ च्या ऑगस्टमध्ये सिंगापुरात निवर्तले. ज्याने संकरित ज्वारी घरोघर पोहोचवली त्या माणसाला अखेरचा श्वास घेताना आपली माती जवळ नसावी, याची हळहळ त्या भागातील जुनी माणसे अजून व्यक्त करतात.

परतल्यावर मला घर कसे वाटले, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. खरे सांगायचे तर पहिले काही दिवस रस्त्यावरचे भोंगे आणि धूळ यांचा त्रास झाला आणि मग त्यांचे अस्तित्व जाणवेनासे झाले. असल्या गोष्टींतून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. मला जी गोष्ट खुपत राहिली ती पाण्याची. मँचेस्टर हे पावसाचे शहर म्हणून सर्व इंग्लंडात थट्टेचा विषय आहे; छत्री घेतल्याविना तिथे कोणी बाहेर पडत नाही. कन्येच्या घरी बसून मी दोन्हीकडचे पर्जन्यमान पाहिले तेव्हा चकित झालो, कारण वर्षाच्या सरासरीने आमच्या यवतमाळला मँचेस्टरपेक्षा पाऊस कमी पडत नाही, थोडा अधिकच पडतो. त्यांचा वर्षभर भुरभुरतो, आपला चार महिन्यांत, आणि त्यांतीलही मोजक्या दिवसांत, कोसळून वाहून जातो. १८९४ साली त्या शहराने सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरच्या थर्लमिअर तलावातून पाणी आणले. डोंगरातून बोगदे, दऱ्यांतून नळ, आणि सारे अंतर निव्वळ उतारावरून, वाटेत एकही पंप नाही. त्यासाठी तलावाकाठची वस्ती बुडाली, कवी आणि निसर्गप्रेमी यांनी कडाडून विरोध केला, पार्लमेंटात वाद झाले. पाणी मात्र आले, आणि सव्वाशे वर्षांनंतर माझ्या नातवाच्या पेल्यात ते येतच आहे. आमच्या शहराला निळोणा आणि चापडोह हे दोन प्रकल्प पुरवठा करतात. २०१८ च्या उन्हाळ्यात ते आटले तेव्हा बादल्या आणि घागरी यांच्या रांगांत मीही उभा होतो आणि टँकर आला की वयाचा मान कोणी ठेवीत नसे. बेंबळा धरणाचे पाणी शहराला आणण्याची खटपट त्या टंचाईच्या दडपणाखाली धावपळीने झाली. मँचेस्टरने तहान लागण्यापूर्वी विहीर खणली, हे मान्य करावे. परंतु ते खणण्याइतके द्रव्य त्या शहराच्या गाठी कोठून आले, हेही त्याच वहीत दुसऱ्या बाजूला लिहिले पाहिजे. रॉयल एक्स्चेंजच्या दालनात जे सौदे झाले त्यांच्या नफ्यातून तलाव बांधले गेले, ग्रंथालये उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात कपाशी होती, रेल्वे होती, आणि धान्य नव्हते.

हे सांगितल्यावर पहिल्या प्रकारचे श्रोते हिरमुसतात आणि दुसऱ्या प्रकारचे खूश होतात; म्हणून या दुसऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. १८६२ च्या डिसेंबरअखेरीस, गिरण्या बंद आणि घरात चूल पेटत नाही अशा स्थितीत, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा जाहीर केला. नाकेबंदी उठली तर आपल्याला भाकरी मिळेल हे ठाऊक असून त्यांनी ती उठवा असे म्हटले नाही. लिंकनने त्यांना आभाराचे पत्र पाठवले आणि त्याचा पुतळा त्या शहरात आजही उभा आहे. पुढे १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले, तेव्हा त्यांच्याच परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे काम गेलेले म्हणवणारे लोक त्यांच्या स्वागताला जमले आणि त्या लोकांनी गांधीजींचे म्हणणे ऐकून घेतले. गिरणीमालकाच्या नफ्याशी त्या कामगारांचे जेवढे नाते होते, तेवढेच आमच्या वेचणाऱ्या बायकांचे अडत्याच्या गादीशी आहे.

शेत आता मी स्वतः करीत नाही. दारव्हा तालुक्यातले ते वावर मक्त्याने दिलेले आहे. मक्ता करणारा कास्तकार माझ्या परतल्याच्या बातमीने भेटायला आला, पेढ्याऐवजी तिकडचे चॉकलेट त्याने संशयाने तोंडात टाकले आणि घरची विचारपूस आटोपताच मुद्द्यावर आला.

“नाझरसाहेब, तिकडं काय भाव हाये जी कापसाचा?”

तिकडे कापूस पिकत नाही, आता फारसे कोणी कातीत विणीतही नाही, भाव आता न्यूयॉर्कच्या वायद्यावर ठरतात, असे मी सांगितले. २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले, हे त्याला माहीत होते. मोबाइलवर आले होते. अमेरिकेची रुई आता इकडे येते, आणि तिच्या भावाशी आपल्या गाठींना झुंजावे लागते, हेही तो जाणून होता. त्याला हवा होता हिशेब. मग मी जुन्या सवयीने कागद घेतला. समजा न्यूयॉर्कला पौंडाला ७० सेंट भाव आहे आणि डॉलर ८७ रुपयांना. म्हणजे किलो रुईला सुमारे १३४ रुपये. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघाली तर तिचे साधारण ४,५६० रुपये. उरलेली सरकी ६४ किलो, समजा ३३ रुपये दराने, सुमारे २,११०. बेरीज ६,६७० रुपये, आणि त्यातून जिनिंगचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा जायचा. सरकारी हमीभाव २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१०. म्हणून खरेदी केंद्रावर रांग आणि खासगी व्यापाऱ्याकडे शुकशुकाट, आणि ज्याला पैशाची घाई त्याने मिळेल त्या भावाला गाडी खाली करायची.

कागद त्याने दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातला.

“सारं बरोबर हाये,” तो म्हणाला, “पन वेचाई कुठं धरली जी? किलोमागं दहा रुपये मागतात बाया. अन् त्या आल्या तं आल्या, नाही तं वावरातच राह्यते.”

मी त्याच्याकडून कागद परत घेतला आणि बेरजेखाली एक हजार रुपये वजा मांडले. “अन् फवारा?” तो म्हणाला.